मोर्णेच्या काठी मिल्टन

मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’चं पहिलं वाक्य सोळा ओळी चालतं, आणि त्याचं क्रियापद सहाव्या ओळीत येतं. तोवर नुसतं ऐकत राहायचं. माणसाने मोडलेली ती पहिली आज्ञा, ते मना केलेलं झाड, त्याचं फळ, त्या फळाच्या चवीसोबत जगात शिरलेलं मरण आणि सगळा शोक, हातची गेलेली बाग, आणि पुढे कधीतरी ती परत मिळवून देणारा कोणी एक थोर, असं सगळं एकामागून एक येत जातं, उंबऱ्याशी दाटतं, आणि अजून कोणी काही करत नाही, कोणी काही म्हणत नाही. मग सहाव्या ओळीच्या तोंडाशी तो शब्द येतो. कवी वाग्देवतेला म्हणतो, गा.

आणि सगळं हलतं.

हे वाक्य लांबलेलं आहे, लॅटिन वळणाचं आहे, असं जाणकार सांगत आले. इंग्रजी बोलण्यात कर्ता आला की पाठोपाठ क्रिया येते; तिथला वाचक त्या सवयीने ओळीत शिरतो आणि त्याचा पाय अधांतरी राहतो. माझा राहिला नाही. आपण मराठी माणसं जन्मभर वाक्याच्या शेवटाकडे कान लावून जगतो. ‘काल भरदुपारी दगडी पुलावर, त्या तसल्या उन्हात, इतक्या वर्षांनी समोर आलेल्या तुझ्या मामाला मी’ एवढं कोणी म्हणालं की आपण थबकतो. हाक मारली, की ओळख दिली नाही, की पाया पडले, हे अजून बोलणाऱ्याच्या ओठांत असतं, आणि त्या अर्ध्या क्षणात मामा, ऊन, पूल, गेलेली वर्षं सगळी एकदम जिवंत आणि एकदम अनिश्चित असतात. आपला श्वास रोखलेला असतो आणि तो रोखलाय हे आपल्याला ठाऊक नसतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या आंधळ्या कवीच्या दारात मी शिरले ती या श्वासाच्या ओळखीवर.

मी वाचते ती अकोल्यात, जुन्या शहरात. मोर्णेच्या पश्चिम काठावरचं हे मूळ गाव. असदगडाचे उरलेले बुरुज, राजराजेश्वराचं देऊळ, वेशींची नावं तेवढी सांभाळून बसलेल्या गल्ल्या. पूल ओलांडला की बाजार, स्टेशन, कचेऱ्या, सगळी धावपळ. अलीकडे अजून माळवदाची काही घरं आहेत, ज्यांच्या जाड भिंतींत वैशाखातही थोडा गारवा मुरलेला असतो. आमचा वाडा त्यांतलाच. त्याला आता मधोमध भिंत आहे. माझे वडील आणि मोठे बाबा वेगळे झाले तेव्हा आधी वावरातला धुरा ठरला, मग घरातली भिंत उठली. दोघंही भाऊ आता नाहीत. भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे मोठी आई आहे.

लहानपणी त्या भिंतीवरून एकच गोष्ट विनासायास इकडे यायची. मोठ्या आईचा आवाज. ती पोथी वाचायची. दासगणूंचा ‘श्री गजानन विजय’ 1939 सालचा, अध्याय 21. वऱ्हाडात असं घर शोधावं लागेल जिथे तो देव्हाऱ्यापाशी ठेवलेला नाही. लाल फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज मला भिंतीआडून ऐकू येत नसे, पण मी तो ऐकत असे. मग उदबत्तीचा वास, आणि मग तो स्वर, ना गाणं ना बोलणं, तीन चरण चढत गेलेला आणि चौथ्या आखूड चरणाशी अलगद खाली बसलेला, पुन्हा उठलेला, पुन्हा बसलेला, तासन्‌तास, की बाहेरच्या अंगणात धुणं वाळत घालणारी माझी आई न कळत त्या चौथ्या चरणावर हात थांबवायची. मोठी आई फार शिकलेली नाही. पोथीतले कितीतरी संस्कृत शब्द तिला ठाऊक नव्हते. पण ज्या निगुतीने ती ओळखीचा शब्द उच्चारायची त्याच निगुतीने अनोळखी शब्दही उच्चारायची, अडखळायची नाही, वगळायची नाही, त्याचा अर्थ आज नाही तर पुढच्या पारायणात येईल अशी तिची खात्री असायची. आणि तो यायचा.

महाकाव्य कसं वाचायचं हे मी तिथे शिकले. कॉलेजात मिल्टनचा पहिला सर्ग अभ्यासाला होता. तो मी गाइडातून वाचला, टिपणं काढली, परीक्षा दिली, आणि त्यातलं काही आत उतरलं नाही, कारण ते कानाशी आलंच नव्हतं. पुष्कळ वर्षांनी, संसाराचा बराचसा रेटा ओसरल्यावर, बाराही सर्ग वाचायचे असं मनाने घेतलं. दहा हजारांवर ओळी. पुस्तक उघडलं, कोश मिटून बाजूला ठेवला आणि मोठ्याने वाचायला लागले.

उन्हाळा होता. अकोल्याचा उन्हाळा, ज्यात पारा 45 च्या वर चढून बसतो आणि दुपारी बारा ते पाच गल्लीत माणूस तर सोडाच, कुत्रंही सावली सोडत नाही. पहिल्या सर्गात बंडखोर देवदूत आकाशातून फेकले जाऊन जळत्या सरोवरात पडलेले असतात, सुन्न, नऊ दिवस. भोवती आग असते, पण त्या आगीला उजेड नसतो. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या ओसरीत, फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पातळ पात्यांत, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून मी ते वाचत होते आणि तो अंधार मला समजावून घ्यावा लागला नाही.

पहिले काही दिवस कान ओवी शोधत होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी यमक येईल, चौथा चरण येईल, बसायला जागा मिळेल, म्हणून थांबत होता. मिल्टन बसू देत नाही. त्याच्या ओळीत पाच आघात असतात, यमक नसतं. यमकाला तो बेडीच मानतो, तसं त्याने पुढे छापलेल्या एका छोट्या टिपणात स्पष्ट लिहिलं आहे. त्याचा अर्थ ओळीच्या कडेवरून वाहून पुढच्या ओळीत जातो, तिथूनही पुढे जातो, मध्येच एखाद्या ओळीच्या पोटात क्षणभर थांबतो आणि परत चालू लागतो. ओळ एका मापाने चालते, वाक्य दुसऱ्या मापाने. त्या दोन चालींमधलं अंतर ऐकायला यायला लागलं त्या दुपारी मी पुस्तक छातीशी धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मोर्णेला पूर्वी पाणी असायचं तेव्हा दगडी पुलाखाली असंच व्हायचं. वर लाटांची एक लय, तळाशी ओढीची दुसरी.

ही चाल मराठीत आणावी असं आपल्याकडेही लोकांना वाटलं होतं. महादेव मोरेश्वर कुंट्यांनी 1869 साली ‘राजा शिवाजी’ छापायला घेतलं ते इंग्रजी महाकाव्यं वाचूनच. सावरकर 1911 साली अंदमानात गेले. तिथे कागद नव्हता तेव्हा ओळी पाठ करून ठेवल्या, आणि यमक सोडून दिलेलं वैनायक वृत्त घडवलं. लंडनमधला आंधळा आणि अंदमानातला कैदी, दोघांची वही एकच होती. रात्रीची स्मृती.

मोठ्या आईने भिंतीपलीकडून विचारलं त्या दिवशी मी चौथ्या सर्गात होते.

“काय वाचून राह्यली वो माय? कोनाची पोथी?”

मी म्हटलं, इंग्रजांची आहे. ती म्हणाली, “मंग काय झालं? चाल त पोथीचीच हाये.” त्या संध्याकाळी मी भिंतीला वळसा घालून, रस्त्याच्या दाराने तिच्याकडे गेले. आता जातेच. आधी इंग्रजी मोठ्याने वाचते. तेवढा वेळ ती डोळे मिटून, हातातली माळ थांबवून ऐकते. मग मी वऱ्हाडीत सांगते.

सांगताना कळतं की आपल्याला काय कळलंय. सैतान रात्री बागेत शिरतो, बेडूक होऊन झोपलेल्या हव्वेच्या कानाशी दबून बसतो आणि तिच्या स्वप्नात विष ओततो. पहाऱ्यावरचा देवदूत भाल्याच्या टोकाने त्याला नुसता स्पर्श करतो आणि तो दारूच्या कोठारात ठिणगी पडावी तसा खऱ्या रूपात उसळून उभा राहतो. हे ऐकताना मोठ्या आईची मान हलत होती. वाईट गोष्ट पहिली कानातून जाते, तोंडातून फळ नंतर जातं, हे तिला नवीन नव्हतं. पुढे देवदूतांचा सारा पहारा भाले रोखून सैतानाभोवती वेढा घालतो. आणि इथे, त्या भाल्यांच्या दाट रांगांकडे पाहताना, मिल्टनला अचानक एक शेत दिसतं. काढणीला आलेलं, लोंब्यांनी लवलेलं, वारा नेईल तिकडे झुकणारं. आणि कडेला शेतकरी उभा आहे, काळजीने, की खळ्यावर एवढ्या आशेच्या पेंढ्या झोडल्यावर हाती नुसतं भूस तर येणार नाही.

“भाल्याचं सांगत होता ना थो?” मोठी आई म्हणाली. “वावरात कसा आला?”

मी सांगितलं, महाकाव्यात असं होतं. युद्ध ऐन रंगात असतं आणि कवी एका उपमेचा हात धरून कुठल्या कुठे जातो, तिथे रमतो, आणि परत येतो तेव्हा युद्धाचा रंग बदललेला असतो. ज्ञानेश्वरही जातात. एका ओवीला दिलेल्या उपमेतून दुसरी उमलते, तिसरी, आणि मूळ गोष्ट तोवर दारात उभी असते. तिने ऐकून घेतलं. पण तिचं लक्ष कवीकडे नव्हतं, त्या शेतकऱ्याकडे होतं. खूप वेळाने म्हणाली, “वारं सुटलं का असंच होते. कनीस दिसते भरलेलं. आन्‌ दाना भरला नसन त?”

टीकाकारांमध्ये या उपमेवर वाद आहे. शेतकरी म्हणजे कोण, देव की सैतान की पहाऱ्यावरचा देवदूत. देव म्हणावं तर त्याला कसली शंका. मी ती पानं वाचली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मोठ्या आईने मोठ्या बाबांना ज्वारीच्या धुऱ्यावर तसं उभं पाहिलेलं होतं. अनेक वर्षं, अनेक पिकांना. तिच्यासाठी तो शेतकरी कोणाचंही रूपक नव्हता. सगळ्या स्वर्ग-नरकाच्या मध्ये, एवढ्या शस्त्रांच्या लखलखाटात, कवीला त्या एका काळजीवाल्या माणसाची आठवण झाली, एवढंच तिला पुरेसं होतं. मला वाटतं, ते खूप आहे.

कवीचे डोळे गेलेले होते हे सांगितलं तेव्हा तिने माळ खाली ठेवली. “डोये गेल्ते? मंग लेहे कोन?”

1652 पर्यंत मिल्टनला पूर्ण अंधत्व आलं. राजाविरुद्धच्या ज्या प्रजासत्ताकाची त्याने चाकरी केली ते पुढे कोसळलं, राजा परत आला, स्नेही फासावर गेले, त्याचीही पुस्तकं जाळली गेली. त्या सगळ्या पडझडीत हे काव्य रचलं गेलं, बरंचसं रात्री, अंथरुणात. सकाळी जो कोणी येईल, एखादा विद्यार्थी, एखादा मित्र, त्याच्याकडून तो ओळी लिहवून घ्यायचा. लिहिणारा यायला उशीर झाला की म्हणायचा, माझी धार काढायची राहिली आहे. हे त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. मोठ्या आईच्या गोठ्यात चार-दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाय होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. कास भरून आलेली गाय दावणीशी कशी अस्वस्थ होते, पाय कशी बदलते, वासरू नसलं तरी कशी हंबरते, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तिने नुसते आपले दोन्ही हात उचलून पाहिले.

तिसऱ्या सर्गाच्या आरंभी मिल्टन उजेडाला हाक मारतो. ऋतू परततात, म्हणतो, पण दिवस परतत नाही. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, वसंतातली फुलं नाहीत, गुरांचे कळप नाहीत, माणसाचा चेहरा नाही. अंधारात गाणाऱ्या पाखरासारखं तो आपल्याला गाताना पाहतो. आणि मागतो ते एवढंच की उजेडाने आता आत यावं, जे कोणाला दिसत नाही ते सांगायला. मी हे वाचून दाखवलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मोठ्या आईला मोतीबिंदू आहे, आता पोथी तिला दिसत नाही. ती अध्याय पाठ म्हणते आणि बोटं मात्र सवयीने पानावरून फिरवत असते.

मी तिचा चेहरा पाहिला आणि पुढचं वाचलं नाही.

या काव्याचे मिल्टनला पहिल्यांदा पाच पौंड मिळाले. 1667 च्या एप्रिलात प्रकाशकाशी करार झाला, तो कागद आजही आहे. ऐकून मला नेहमी आपला नरेंद्र आठवतो. महानुभावांचा हा कवी. त्याचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ 1292 सालचं, आणि रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर तर इथलंच, अमरावती जिल्ह्यातलं, वर्धेच्या काठचं. सांगतात की रामदेवराव यादवाने काव्य ऐकलं आणि ओवीमागे सोन्याचं नाणं देऊ केलं, एवढ्यासाठी की काव्याला राजाचं नाव लागावं. नरेंद्राने नकार दिला. मूळ पोथी राजाकडे अडकली. रातोरात भावंडांनी मिळून जेवढं आठवलं तेवढं लिहून काढलं, नऊशेच्या आसपास ओव्या वाचल्या. आमच्या मातीत महाकाव्य असं स्मरणाच्या आधाराने तरलेलं आहे. म्हणूनही असेल, लंडनच्या एका काळोख्या खोलीत रात्रभर ओळी धरून बसलेला माणूस मला परका वाटत नाही.

नवव्या सर्गाने मला सगळ्यात जास्त थरारून टाकलं, आणि तेही फळ खाल्लं जातं त्या प्रसंगाने नाही. ते होऊन गेल्यावर, लाज पहिल्यांदा कळल्यावर, आदम आणि हव्वा अंग झाकायला पानं शोधत रानात शिरतात. चित्रांत आपण अंजिराची पानं पाहिलेली असतात. मिल्टन म्हणतो, फळासाठी नावाजलेला तो अंजीर नव्हे; हा दुसरा, हिंदुस्थानात ओळखतात तो, मलबारात आणि दख्खनात हात पसरून उभा असतो तो, ज्याच्या लांबलेल्या फांद्या वाकून जमिनीत मुळं धरतात आणि आईभोवती लेकी वाढाव्यात तशा वाढतात, खांबांवर खांब, उंच कमानी, आत घुमणाऱ्या वाटा. आणि उन्हाने तापलेला गुराखी त्या गारव्यात बसतो, आणि दाट पारंब्यांतून कापलेल्या झरोक्यांमधून बाहेर चरणाऱ्या गुरांवर नजर ठेवतो.

वड.

वड होता तो! मी पुस्तक हातात धरून उठले, बसले, परत उठले. दख्खन हे नाव त्या ओळीत लख्ख छापलेलं होतं. ज्याने कधी हे झाड पाहिलं नाही, पाहणं शक्यच नव्हतं, त्याने कुठल्याशा वनस्पतींच्या पुस्तकात वाचलेला हा वड त्या बागेत लावला, आणि माणसाच्या पहिल्या दुःखाला त्याची सावली दिली. मिल्टनच्या मते त्याची पानं ढालीएवढी रुंद. आमच्या वडाची पानं तेवढी नसतात. जेवणावळीला पत्रावळ करायची तर एकाला एक जोडून टाचावी लागतात. आदम आणि हव्वाही तेच करतात, पानाला पान शिवतात. ज्येष्ठात इथल्या बायका त्याच झाडाला सूत गुंडाळून सात जन्मांची सोबत मागतात. त्या दोघांना तर एकाच जन्माची मिळालेली होती, आणि शिवून झाल्यावर ती एकमेकांशी भांडत बसली. मी आजवर ज्या झाडाखालून शाळेत गेले, त्याच्या पारंबीला लोंबकळले, त्या झाडाखाली तो सगळा सर्ग घडत होता आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी आपला मुलूख शोधतच वाचू लागले. दुसऱ्या सर्गात बंगालहून निघालेली गलबतं आहेत, तिसऱ्यात गंगेच्या उगमाकडे झेपावणारं गिधाड. अकराव्यात आदमला पुढल्या काळातली जी राज्यं दाखवली जातात त्यांत मोगलांचं आग्रा आणि लाहोर आहे. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले 1666 च्या ऑगस्टात. पुढच्या वर्षी हे काव्य छापून लंडनच्या दुकानांत आलं. आमच्या किल्ल्याला ज्याचं नाव आहे तो असदखान त्याच मोगलाचा पुढचा वजीर. बुरुजावर उभं राहिलं की मोर्णा दिसते, पूल दिसतो, पलीकडचं सगळं शहर दिसतं. मी तिथे उभी राहून ती ओळ म्हटली आहे, मोठ्याने, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून.

पण ज्याच्यापाशी ही सगळी वाट माझ्या मनात येऊन थांबते तो मिल्टन नाही. तो विल्टशायरमधून आलेला एक पाद्री आहे. थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरला, इथलाच झाला, इथेच गेला. त्याने ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, मराठीत, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि ते 1616 साली रायतूरला छापलं गेलं. त्यात तीच गोष्ट आहे. तीच बाग, तोच साप, तेच फळ, तेच बाहेर काढलं जाणं. मिल्टन तेव्हा लंडनमध्ये सात वर्षांचं पोर होता. म्हणजे इंग्रज माणसाच्या हातून ही कथा महाकाव्य झाली ती इंग्रजीच्या 51 वर्षं आधी मराठीत. आणि साष्टीतल्या गावांमध्ये, देवळं पडलेल्या आणि पोथ्या काढून घेतल्या गेलेल्या लोकांनी ती गायली, त्याच चालीत, तीन चरण वर, चौथा खाली. ज्यांच्याकडून ओवी हिरावली गेली त्यांच्याच ओठांशी ती दुसरी कथा घेऊन परत आली. याचं दुःख करावं की नवल, हे मला ठरवता आलेलं नाही. मी ‘क्रिस्तपुराण’ उघडते तेव्हा दोन्ही होतं.

आणि तीन शतकांनंतर रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभलं, थोडेच अध्याय झाले, 1919 साली ते गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या, अक्षरं मोठेपणी शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यांचं नाव मी मोठ्या आईपुढे काढलं तेव्हा ती ताठ बसली. एका बाईने पोथी पुरी केली, नवऱ्याची राहिलेली, हे तिने मला पुन्हा सांगायला लावलं.

श्रावण लागला. शेवटच्या सोमवारची तयारी गल्लीत सुरू झाली. रात्री पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणायला जातील, अनवाणी, खांद्यावर कावड, आणि पहाटे जुनं शहर राजराजेश्वराच्या नावाने दणाणून उठेल. अशा एका संध्याकाळी आमचा दहावा सर्ग संपला. हा सर्ग मला फार प्रिय आहे. शाप मिळालेला असतो, दोघांनी एकमेकांना दोष देऊन झालेला असतो, आदमने तोंड फिरवलेलं असतं, आणि हव्वा त्याच्या पायाशी येऊन म्हणते, मला सोडू नकोस. सगळ्या काव्यात पुन्हा जोडायला पहिल्यांदा हात पुढे करते ती ती. मग दोघं बसून चक्क घरातल्यासारखं बोलतात, पुढे काय करायचं, थंडी पडली तर काय.

“बाहीर काढलं त खातीन काय थे?” मोठ्या आईने विचारलं.

मी म्हटलं, बागेत तर हव्वेला चूल माहीतच नव्हती. पाचव्या सर्गात देवदूत पाहुणा आला तेव्हा तिने फळं मांडली, रस काढला, आणि कवी मुद्दाम सांगतो की जेवण निवेल याची भीती नव्हती. पण आता आदम विस्तवाचा विचार करतोय. सूर्याचे किरण एकवटून वाळल्या पाल्यावर धरावेत, नाहीतर दोन गोष्टी एकमेकींवर घासाव्यात, असं त्याच्या मनात आहे.

“बरं,” ती म्हणाली. “इस्तो झाला. आता पीठ?”

पीठ अकराव्या सर्गात आहे. देवदूत आदमला डोंगरावर नेतो आणि पुढे काय काय होणार ते दाखवतो, आणि त्यात सगळ्यात आधी दिसतं ते एक वावर. अर्ध्यात नुकत्या कापलेल्या पिकाच्या पेंढ्या, अर्ध्यात मेंढरं चरताहेत, आणि दोहोंच्या मधोमध, धुऱ्यावरच्या खुणेसारखी, गवतमातीची एक वेदी. तिथे दोन भाऊ येतात. ते उद्या मला भिंतीपलीकडे जाऊन मोठ्या आईला वाचून दाखवायचं आहे.